थायलंडमधलं घर: अर्थिंगचा रॉड आणि जमिनीचे कागद

थायलंडमध्ये नोकरीसाठी आलेल्या आपल्या लोकांचे घराबद्दलचे प्रश्न फिरून फिरून दोनच असतात. एक, "बाथरूममधल्या गिझरचं पाणी अंगावर घेतलं की बारीक मुंग्या येतात, हे चालतं का?" (नाही चालत, आत्ताच्या आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा.) आणि दुसरा, "आपल्याला इथे घर घेता येतं का हो?" आता एक प्रश्न वायरमनचा आणि एक वकिलाचा असं वाटतं खरं, पण दोन्ही जाऊन अडकतात जमिनीपाशी, कारण अर्थिंगचा रॉड, म्हणजे बिघाड झाला की गळणारा करंट मातीत नेणारी सळी, जमिनीत ठोकावा लागतो आणि ती जमीन इथे तुमची नसते, बहुतेकांच्या बाबतीत असूच शकत नाही. म्हणजे तुमच्या घराच्या अर्थिंगचं तुम्ही काय करू शकता हे तुमच्या हातात कुठला कागद आहे त्यावर ठरतं. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी करंटचं बघू, कारण जीव त्याने जातो, कागदाने फारतर पैसे जातात.

थायलंडमध्ये घरात 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ असतं, म्हणजे जवळपास आपल्यासारखंच, त्यामुळे पुण्याहून आणलेला मिक्सर इथे मस्त चालतो. घोळ प्लगचा आहे. आपली जाड गोल तीन पिनवाली पिन इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, मग माणूस शंभरेक बाथचा अ‍ॅडाप्टर आणतो, त्यातल्या बऱ्याच अ‍ॅडाप्टरना अर्थची पट्टीच नसते, म्हणजे मिक्सरचं अर्थिंग त्या अ‍ॅडाप्टरपाशीच संपलं. आणि भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणून खूश होऊ नका. जुन्या घरांमध्ये, विशेषतः खाली दुकान वर घर असतं त्या बिल्डिंगांमध्ये आणि गावाकडच्या लाकडी घरांमध्ये, वायरिंग दोनच तारांचं असतं आणि नंतर कोणीतरी तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं, तिसऱ्या भोकामागे काहीही नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या कडेवर बोट फिरवलं की खरखरीत, झिणझिण लागतं ना, ते साधारण याच्यामुळेच, चार्जरमधून किंचितसा करंट अर्थकडे जायला बघतो आणि त्याला वाट मिळत नाही. त्या झिणझिणीने काही होत नाही, पण घरात अर्थ नसावा हे तिने फुकटात सांगितलं असं समजा.

खरी भीती गिझरची. इथे आपल्यासारखा वर टाकी टांगलेला गिझर फार कमी घरांत दिसतो, इथे भिंतीवर एक छोटा डबा असतो, त्यातून पाणी जाता जाता तापतं आणि थेट शॉवरमधून डोक्यावर. हे साडेतीन, साडेचार, सहा किलोवॅटचे असतात, सहा किलोवॅटवाला 27 अँपियर खेचतो. म्हणजे तुम्ही ओले, उघडे, टाइल्सवर अनवाणी, आणि डोक्यापासून हातभर अंतरावर 27 अँपियरची वस्तू. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहम धरला तर 220 व्होल्टला अंगातून 220 मिलिअँपियर जाईल, आणि हृदयाची लय बिघडायला त्याच्यापेक्षा बराच कमी करंट पुरतो.

माझ्या एका सहकाऱ्याच्या भाड्याच्या घरी मी ही गिझरची हिरवी वायर कुठे जाते ते बघत बघत मागे गेलो होतो. डब्यातून निघाली, भिंतीतून बाहेर पडली, मागच्या बोळात खाली आली, आणि काँक्रीटच्या फटीत खुपसलेल्या एका गंजक्या हातभर सळीला चार वेढे मारून काळी टेप गुंडाळलेली. टेप उन्हाने सुटून लोंबत होती, सळी हाताने हलत होती. घरमालकाचं म्हणणं, "साय दिन आहे की!" साय दिन म्हणजे अर्थची वायर, हा शब्द पाठ करा, घर बघायला गेलात की "मी साय दिन माय?" असं विचारायचं, म्हणजे अर्थिंग आहे का. उत्तर कायम "मी" म्हणजे "आहे" असंच येणार, तर त्या उत्तरावर न थांबता वायरच्या मागे मागे जायचं.

आता समजा ती सळी नीट ठोकलेली आहे, तरी ती पुरते का? इथे बहुतेक जण फसतात. अशा छोट्या सळीचा मातीशी रेझिस्टन्स 50 ओहम धरू. गिझरच्या आत फेजची, म्हणजे करंट घेऊन येणारी, तार सुटून बॉडीला लागली, तर करंट जाईल 220 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपियरसुद्धा नाही. गिझरचा ब्रेकर, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून लाईन बंद करणारं बटण, आहे 32 अँपियरचा. त्याला वाटणार कोणीतरी इस्त्री लावली असेल. तो पडणारच नाही, आणि गिझरची बॉडी तशीच करंट घेऊन बसणार. नुसत्या सळीने तुम्ही वाचत नाही, सळी प्लस लिकेज ओळखणारा ब्रेकर असेल तर वाचता.

हा लिकेजवाला ब्रेकर म्हणजे आपण ज्याला आरसीसीबी किंवा ईएलसीबी म्हणतो तो. ह्याचं काम गल्ल्यावर बसलेल्या माणसासारखं आहे, फेजमधून किती गेले आणि न्यूट्रलमधून किती परत आले एवढंच मोजत बसायचं, 30 मिलिअँपियरचा फरक पडला की दुकान बंद. बाकीचा करंट कुठे गेला, अर्थमधून की माणसातून, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्यामुळे घरात अर्थ नसला तरी हा चालतो, हे खरं आहे आणि विकणारे हेच सांगतात. पण फरक नीट समजून घ्या: अर्थ असेल तर गिझरमध्ये बिघाड झाल्या झाल्या करंट अर्थमधून गळतो आणि ब्रेकर पडतो, तुम्ही तेव्हा ऑफिसात असता. अर्थ नसेल तर गळायला वाटच नसते, ब्रेकर शांत बसतो, आणि मग तुम्ही येऊन नळाला हात लावता तेव्हा ती वाट तुम्ही होता. तेव्हा तो पडेल, बहुतेक वाचालही, पण शॉक तुम्ही खाल्लात. हल्लीच्या बऱ्याच गिझरमध्ये आतच असा ईएलसीबी असतो, डब्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. न पडल्यास तो गिझर वापरायचा नाही, बाल्टी घ्यायची, तसंही एप्रिलमध्ये इथे गरम पाणी कोणाला हवंय.

यापुढचा भाग आपल्याकडच्या वायरमनला दाखवला तर तो घाबरेल. महाराष्ट्रात काय असतं, पोलवरून फेज आणि न्यूट्रल येतो, अर्थिंगचा खड्डा आपला आपण करतो, कोळसा-मीठ टाकून प्लेट किंवा पाइप पुरतो, आणि न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत हे वायरमनला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. थायलंडमध्ये मुख्य बोर्डात हे दोन मुद्दाम जोडतात. मीटरकडून आलेला न्यूट्रल आधी अर्थच्या पट्टीवर येतो, तिथेच रॉडची वायर पण येते, आणि तिथून पुढे तो मेन ब्रेकरमध्ये जातो. याचं कारण वरच्या हिशेबातच आहे. मातीतून करंट परत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जायला रेझिस्टन्स फार, पण तोच करंट न्यूट्रलच्या तारेतून परत गेला तर वाट एकदम मोकळी, शेकडो अँपियर जातात आणि साधा ब्रेकर पण झटक्यात पडतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही असंच करतात.

पण हे जोडणं एकाच ठिकाणी, मेन ब्रेकरच्या आधी, फक्त मुख्य बोर्डात. लिकेजच्या ब्रेकरनंतर जोडलंत तर तो कारण नसताना पडत राहील किंवा पडायचा तेव्हा पडणार नाही. आणि सगळ्यात वाईट जुगाड म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा वायर अर्थच्या पिनला मारणे. तीन दिव्यांचा स्वस्त सॉकेट टेस्टर मिळतो ना, तो अशा सॉकेटला पण "सगळं ओके" दाखवतो! आणि एखाद्या दिवशी तो न्यूट्रल कुठेतरी ढिला झाला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण 220 व्होल्ट. म्हणून तो टेस्टर जरूर घ्या, पण त्याने "अर्थ नाही" म्हटलं तर विश्वास ठेवा, "आहे" म्हटलं तर बोर्ड उघडून घ्या. खिशातला स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर तर फेज कुठे आहे एवढंच सांगतो, अर्थबद्दल त्याला काही विचारू नका.

रॉडचं माप इथे ठरलेलं आहे, तांब्याचा मुलामा असलेला 2.4 मीटर लांब, 16 मिलिमीटर जाड, आणि रेझिस्टन्स 5 ओहम किंवा कमी यायला हवा, माती फारच खराब असेल तर 25 पर्यंत सूट देतात. बँकॉकच्या ओल्या चिकणमातीत हे जमून जातं, खडकाळ नाहीतर कोरड्या वाळूच्या जागी एका रॉडने भागत नाही, दोन-तीन ठोकून एकमेकांना जोडावे लागतात. बँकॉक, नोंथाबुरी आणि समुत प्राकान या तीन प्रांतांत वीज देणारी संस्था वेगळी आणि बाकी 74 प्रांतांत प्रादेशिक वीज प्राधिकरण, तर तुमच्या लाईनवर न्यूट्रल-अर्थ जोडायचं की रॉड वेगळा ठेवून लिकेज ब्रेकरवर भर द्यायचा हे त्या त्या ऑफिसात विचारून घ्या. शेजारच्या घरातून सब-मीटरने लाईट घेतली असेल तर तुमच्या बोर्डात जोडायचंच नाही, कारण तुमचा बोर्ड मुख्य नाही.

आणि हे काम स्वतः करू नका, "मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे" म्हणणाऱ्यांनी तर अजिबात नाही. ऑक्टोबर 2016 पासून थायलंडमध्ये घरातलं वायरिंग करणाऱ्या माणसाकडे कौशल्य विकास खात्याचं प्रमाणपत्र असणं कायद्याने सक्तीचं आहे, नसेल तर त्याला 5,000 बाथपर्यंत आणि त्याला कामावर ठेवणाऱ्याला 30,000 बाथपर्यंत दंड आहे. वायरमनला इथे चांग फाय म्हणतात, तो आला की आधी कार्ड बघायला मागा, राग येत नाही कोणाला. त्याला सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या घरात फेजची तार काळी आणि न्यूट्रल करडा असतो, नवीन घरात फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा. आपल्याकडे काळा म्हणजे न्यूट्रल! आपल्या सवयीने रंग बघून हात घातलात तर थेट फेजला हात.

बरं, आता जमीन.

परदेशी माणसाला थायलंडमध्ये स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, 1954 चा जमीन कायदा आहे. मोठी गुंतवणूक करणाऱ्यांना, 4 कोटी बाथ किंवा त्याहून जास्त, एक राय म्हणजे 1,600 चौरस मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते, पण ती आपल्यासाठी नाही, सोडून द्या. आपल्याला यात खरं म्हणजे नवल वाटायला नको, महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर शेतजमीन विकत घेऊन सातबाऱ्यावर नाव लागत नाही, मग तुमच्याकडे कितीही पैसे असोत. तर मग राहतात चार परिस्थिती, आणि प्रत्येकीत अर्थिंगचं उत्तर वेगळं आहे.

भाड्याचं घर असेल तर रॉड ठोकायचा, बोर्ड बदलायचा हक्क तुम्हाला नाही, घरमालकाची परवानगी लागते. अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधीच हे काढायचं, कारण एकदा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं त्याच्या खात्यात गेलं की तुमचा आवाज अर्धा होतो. मालकाला सांगायचं, गिझरला ईएलसीबी आणि नीट अर्थ करून द्या, किंवा मी करतो आणि भाड्यातून वळते करा. जे ठरेल ते लेखी, थाई भाषेत, आणि त्यात हेही लिहून घ्यायचं की घर सोडताना हे काढून पूर्ववत करून द्यायची जबाबदारी माझी नाही. नाहीतर स्वतःच्या खर्चाने अर्थिंग करायचं आणि जाताना "भिंतीला भोक पाडलं" म्हणून डिपॉझिट कापून घ्यायचं, असे लोक बघितलेत मी. मालक ऐकतच नसेल तर त्या घराला हात जोडा, दुसरं बघा, घरांना तोटा नाही इथे.

कॉन्डो म्हणजे फ्लॅट. हा मात्र परदेशी माणसाला पूर्ण स्वतःच्या नावावर घेता येतो, 1979 च्या कॉन्डोमिनियम कायद्याने, अट एवढीच की त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. फ्लॅटची संख्या मोजत नाहीत, क्षेत्रफळ मोजतात. सोसायटीसारखं जे मंडळ असतं त्यांच्याकडून कोटा शिल्लक असल्याचं आणि आधीच्या मालकाची काही बाकी नसल्याचं पत्र घ्यायचं. आणि पैसे परकीय चलनात देशाबाहेरून आलेले असले पाहिजेत, बँक त्याचा कागद देते, तो जमीन कार्यालयात दाखवावा लागतो. रयोंग-चोनबुरीच्या कारखान्यांत काम करणारे आपले लोक इथे हटकून अडकतात, कारण पगार बाथमध्ये, बचत बाथमध्ये, थाई बँकेत भरपूर पैसे पडून आहेत पण ते "बाहेरून आलेले" नाहीत. भारतात राहणारे आईवडील पाठवणार असतील तर तिकडून रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे हेही धरून चला.

कॉन्डोत अर्थिंग बिल्डिंगचं असतं, रॉड खाली कुठेतरी, ती सामाईक मालमत्ता, तिला तुम्ही हात लावू शकत नाही, मालक असलात तरी. तुमच्या हद्दीत येतो तो फ्लॅटमधला बोर्ड. घ्यायच्या आधी एका वायरमनला नेऊन बोर्ड उघडून बघायचा, हिरव्या-पिवळ्या तारा अर्थच्या पट्टीवर किती आहेत आणि त्या पट्टीला बिल्डिंगकडून येणारी जाड तार लागली आहे का. पट्टीवर तारा आहेत पण पट्टीच लोंबकळते आहे, असे फ्लॅट जुन्या बिल्डिंगमध्ये निघतात. तसं असेल तर ते मंडळाकडे मांडायचं, ते करत नसतील तर तुमच्या हातात फक्त लिकेज ब्रेकर उरतो, तो तरी बसवाच.

तिसरी, लीजवर जमीन आणि त्यावर स्वतःचं घर. जमीन तुमची नसते पण वरची इमारत तुमची असू शकते, हे आपल्या लोकांना पटायला जरा वेळ लागतो. लीज 30 वर्षांपर्यंत, तीन वर्षांच्या वर असेल तर जमीन कार्यालयात नोंदवावीच लागते, नाहीतर तीन वर्षांपुढे तिला कोर्टात किंमत नाही. एजंट "30 अधिक 30 अधिक 30" असं नव्वद वर्षांचं गाणं म्हणतात, त्यातली नोंदणी फक्त पहिल्या 30 ची होते, बाकी आश्वासन. सोबत जमिनीवर बांधकाम करायचा आणि ठेवायचा हक्क वेगळा नोंदवून घ्या, आणि बांधकामाची परवानगी स्वतःच्या नावावर काढा. जमीन कुठल्या कागदाची आहे तेही बघा, लाल गरुडाचा शिक्का असलेला छनोत म्हणजे मोजणी झालेली पक्की मालकी, हिरवा गरुड त्याच्या खालोखाल, आणि शेती सुधारणेची सरकारने वाटलेली जमीन असेल तर पळा, ती खुल्या बाजारात विकताच येत नाही. अर्थिंगला इथे सगळ्यात मोकळीक, घर बांधतानाच रॉड ठोकून घ्या, आणि सुरुवातीपासून तीन तारांचं वायरिंग करा, कंत्राटदार गप्प बसला तर दोनच ओढून मोकळा होईल. 2011 च्या पुरात पाणी आलं होतं अशा भागात खालच्या मजल्याच्या सॉकेटचा ब्रेकर वेगळा ठेवा, पाणी आलं की तो पाडून वर राहता येतं.

चौथी, बायको किंवा नवरा थाई असेल तर. जमीन तिच्या नावावर, पण नोंदणीच्या वेळी तुम्हा दोघांना लिहून द्यावं लागतं की हा पैसा तिचा स्वतःचा आहे. मग घटस्फोट झाला तर त्या जमिनीवर तुमचा दावा जवळपास संपला. ती आधी गेली तर वारसाहक्काने आलेली जमीन ठेवायला मंत्र्यांची परवानगी लागते, प्रत्यक्षात वर्षभरात विकावी लागते. म्हणून जाणकार लोक तिच्याकडून हयातीपर्यंत वापरायचा हक्क आधीच नोंदवून घेतात. विषय नाजूक आहे, सासुरवाडीत काढायला अवघड, तरी लग्नाच्या उत्साहात असतानाच काढलेला बरा. अर्थिंग सोपं, बायकोला विचारा आणि ठोका.

पाचवा एक रस्ता तुम्हाला कोणीतरी हळूच सुचवेल, थाई कंपनी काढायची, 51 टक्के शेअर थाई माणसांच्या नावावर कागदोपत्री, आणि कंपनीच्या नावावर जमीन. नुसते नावाला उभे केलेले भागीदार हे बेकायदेशीर आहे, जमीन कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि 20,000 बाथपर्यंत दंड आहे, आणि जमीन विकायला लावतात ते वेगळंच. दंडाचा आकडा बघून हसू येईल, पण कैद आणि नंतर व्हिसाचं काय होईल तो विचार करा.

कुठलंही घर बघायला जाताना तीन दिव्यांचा टेस्टर खिशात, गिझरवरचं बटण दाबून बघायचं, मागच्या बोळात जाऊन हिरवी वायर कुठे संपते ते बघायचं आणि बोर्डाचा फोटो काढून ओळखीच्या चांग फायला पाठवायचा. तो विचारेल की मेन ब्रेकरच्या आधी न्यूट्रल कुठे आलाय, म्हणून फोटो झाकण उघडून काढा, आणि ते झाकण मालकाच्या वायरमनला उघडायला लावा, तुम्ही उघडू नका.